पडताळणीची चाळीस घरं

तो नियम मी लिहिला. पाच मिनिटांत लिहिला, चहा थंड व्हायच्या आत, आणि लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश होऊन वर दोन बिस्किटं खाल्ली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्हाला दुसऱ्या कोणावर तरी राग काढावासा वाटेल. खुशाल काढा, पण यादीत पहिलं नाव माझं धरा. इंदुमती लांजेवार, वय सत्तेचाळीस, आधी वीस वर्षं ग्रामसेविका, मग विस्तार अधिकारी, आणि त्या वर्षी धोरण प्रशिक्षणासाठी आमच्या जिल्ह्यातून निवडलेली एकटी बाई.

प्रबोधिनी नागपूरच्या बाहेर एका टेकडीवर आहे. चोवीस अधिकारी, सहा आठवडे, राहणं-जेवणं तिथेच. म्हाताऱ्या, आजारी, एकट्यादुकट्या माणसांसाठी योजना कशा आखायच्या आणि त्या चालतात की नाही हे कसं तपासायचं, हे शिकायला आम्ही आलो होतो. शिकवायला खानझोडे सर. हुशार माणूस, आवाज मऊ, शर्ट कायम कडक इस्त्रीचा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा तालुका विचारला आणि म्हणाले, अरे, आपल्याकडच्याच की तुम्ही. त्यांचं गावही आमच्याच तालुक्यातलं. मला उगीच बरं वाटलं.

सरांची एकच गोष्ट वर्गाला गमतीची वाटायची. रोज दुपारी चार वीसला त्यांचा फोन वाजायचा. शिकवता शिकवता ते उचलायचे, हो आई, जेवलो, हो, ठेवतो, म्हणायचे आणि पुढच्या वाक्याला लागायचे. वीस-पंचवीस सेकंदांत सगळं आटपायचं. माझ्या शेजारी बसणारा तडवी, हा जळगावकडचा तरुण गटविकास अधिकारी, घड्याळ लावून बसायचा आणि चार वीसला मला कोपर मारायचा.

आता यंत्राबद्दल सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझी भीती कळायची नाही. पूर्वी योजनेची परीक्षा अशी घ्यायचे. शंभर गावांत योजना द्यायची, तशाच दुसऱ्या शंभर गावांत मुद्दाम द्यायची नाही, आणि दोन वर्षांनी दोन्हीकडची माणसं मोजायची. जो फरक दिसेल तो योजनेचा. पद्धत चोख, पण ज्या गावात दिलं नाही तिथल्या म्हातारीला काय सांगायचं, की आजी, तुम्ही फक्त तुलनेसाठी आहात? मी स्वतः एकदा अशा गावात काम केलं आहे. लोकांच्या नजरेला नजर देता येत नाही.

'पडछाया' आली आणि हा पेच सुटला असं सगळ्यांना वाटलं. आता विजेचं मीटर बोलतं, रेशनचं यंत्र बोलतं, बसचा पास बोलतो, दवाखान्याच्या नोंदी असतात, फोन असतो. फोनवर काय बोललात ते यंत्राला कळत नाही, पण कधी, कोणाशी आणि किती वेळ, ते कळतं. एवढ्यावरून पडछाया प्रत्येक माणसाची एक सावली बनवते. मदत खऱ्या माणसाला मिळतच राहते. काढून घ्यायची ती फक्त सावलीची, आणि मग तिचं पुढचं वर्ष हजार वेळा चालवून बघायचं. हजारातून तीनशे वेळा सावली मेली, तर धोका तीस टक्के. यंत्रात मरण्याला मरणं म्हणत नाहीत, 'घटना' म्हणतात. पहिल्या आठवड्यात हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. दुसऱ्या आठवड्यात मी तो सहज वापरायला लागले.

आम्हाला सरावासाठी एक तालुका दिला होता, नाव नुसतं 'क'. काल्पनिक आहे, असं सांगितलं होतं. तिथे 'सोबत योजना' चालू होती. एकट्या राहणाऱ्या माणसाकडे रोज एक सोबतीण जाते, डबा देते, औषधं बघते, अर्धा तास बसते. पण सोबतिणी कमी आणि घरं जास्त, त्यामुळे नवी घरं रांगेत अडकलेली. प्रश्न असा, की कोणाकडे रोज गेलं नाही तरी चालेल?

सगळे वय आणि आजारांचे तक्ते घेऊन बसले. मला वाटलं, ही पुस्तकी पोरं, माणसं कुठे बघितलीत यांनी. एकटं कोण असतं? ज्याला विचारणारं कोणी नाही, तो. मी लिहिलं: ज्या घरातून रोज जवळच्या नातेवाइकाला फोन जातो आणि तो उचलला जातो, त्या घरी सोबतीण आठवड्यातून एकदाच जावी. खाली काळजीचं एक कलमही टाकलं. सलग पंधरा दिवस फोन उचलला गेला नाही, तर रोजची सोबत आपोआप पुन्हा सुरू व्हावी.

पडछायेने हजार वेळा चालवून माझ्या नियमाला एक्क्याण्णव गुण दिले. त्या प्रबोधिनीत कोणालाच कधी नव्वद मिळाले नव्हते. सरांनी वर्गात उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. म्हणाले, हे गावात राबलेल्या माणसालाच सुचतं. मी लाजले, पण आत फुलून गेले होते, खोटं कशाला बोलू.

ज्याचा नियम पहिला येतो, त्याला चाळीस नमुना घरांचे तक्ते मिळतात. नावं नाहीत, गावं नाहीत, नुसते क्रमांक. त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं. चौथ्या आठवड्यात एका दुपारी मी तक्त्यांची पाटी, म्हणजे प्रबोधिनीने दिलेला टॅब, घेऊनच जेवायला गेले. वरण-भात कालवत एकेक घर वर सरकवत होते.

घर सत्तावीस. स्त्री, एकसष्ट, विधवा, एकटी. जुना दमा. सकाळी सात ते नऊ शिलाई मशीनची मोटर. संध्याकाळी वाफ घ्यायचं यंत्र. दररोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एकाच क्रमांकावर फोन, साधारण चार मिनिटं. रोजची सोबत असताना घटनेची शक्यता चार टक्के. सोबत कमी केल्यावर एकतीस.

आणि माझा फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

शेवंताताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि ती अठराची. माझ्यासाठी तिने शिक्षण सोडलं, विड्या वळल्या, मग ब्लाउज शिवले. विड्यांच्या धुरळ्याने छाती गेली तिची. नवरा गेला, मूलबाळ झालं नाही. बेलटोल्यात आमच्या बापाच्या दोन खोल्यांत राहते आणि रोज एक दहाला, माझी जेवायची सुट्टी असते म्हणून, मला फोन करते.

"जेवली का वं इंदू?" ती म्हणाली.

मी हो म्हणाले. काय भाजी होती, तिने विचारलं. तिखट खाऊ नको, पोट बिघडते तुझं, म्हणाली. नेहमीचंच सगळं. मी पाटीकडे बघत होते. फोन ठेवला आणि दोन मिनिटांत सत्तावीसच्या तक्त्यावर नवी ओळ आली: आज, १:१०, चार मिनिटं बारा सेकंद, उचलला.

तालुका 'क' काल्पनिक नव्हता. आणि नोंद आजची, आत्ताची होती.

मी तिथूनच बेलटोल्याच्या सोबतिणीला फोन लावला. रंजू नाव तिचं, चुणचुणीत पोरगी आहे. तिने सांगितलं, "ताई, दहा दिस झाले, मले आठवड्यातून एकदाच जा म्हनलं शेवंताबाईकडं. वरून आलं आहे. माह्या मनगटावर पट्टा आहे, दुसरीकडं वळली का लगेच फोन येते." शेवंताबाई कशी आहे विचारलं तर म्हणाली, मागच्या मंगळवारी डबा उघडाच पडला होता, अर्धा खाल्लेला.

दहा दिवस. त्या दहा दिवसांत ताईने मला रोज फोन केला होता आणि एक शब्द बोलली नव्हती. मी आठवायला लागले, आपण तिला शेवटचं कधी विचारलं, की तू जेवलीस का? मला आठवेना. दहा दिवसांतलं आठवेना, महिन्यातलं आठवेना. चार मिनिटं ती माझी चौकशी करायची आणि मी हो, हं, ठेवू का, करायचे. त्या फोनला मी नियमात सोबत म्हटलं होतं. सोबत होती, पण ती माझी, तिची नव्हे.

तडक सरांच्या खोलीत गेले. त्यांनी काही लपवलं नाही, हे मी मान्य करते. सावल्या हळूहळू भरकटतात, म्हणाले. खरं माणूस एकीकडे जातं, सावली दुसरीकडे. म्हणून अधूनमधून खऱ्या घरांवर ताडून बघावं लागतं. प्रत्येक तुकडीतला सर्वांत चांगला नियम चाळीस घरांना खरोखर लावतात. ती पडताळणीची घरं. शिकणाऱ्यांना सांगत नाहीत, कारण सांगितलं की हात आखडतो आणि नियम मिळमिळीत होतात. लाभार्थ्यांनी अर्जावर अंगठा दिलेला आहे, त्यात ही ओळ आहे. आणि आपला तालुका घेतला, कारण ही योजना सगळ्यात आधी आपण आपल्याकडे आणली, नोंदी चांगल्या आहेत.

सत्तावीस नंबर माझी बहीण आहे, मी म्हणाले. तिला काढा.

सर म्हणाले, "लांजेवार मॅडम, आपल्या माणसाचं घर निघालं की प्रत्येकाला नियम वाईट वाटतो. म्हणूनच तर नावं झाकतो आपण." एक काढलं की त्या जागी चिठ्ठी टाकून दुसरं घर येणार. त्या दुसऱ्या घरातल्या बाईला बहीण नसेल का? मग तो नियमच मागे घेते, मी म्हणाले, माझा आहे. ते म्हणाले, नियम आता प्रबोधिनीचा. शेवटच्या दिवशी पाच वाजता त्यांची सही होणार आणि तो जिल्ह्याला लागू होणार. अकरा हजार घरं. आक्षेप घ्यायचा तर शेवटच्या दिवशी घ्या, पण त्यासाठी प्रशिक्षण पूर्ण केलेलं असायला हवं. मध्येच सोडून गेलात तर तुमचं म्हणणं ऐकायला कोणी बांधील नाही.

दारातून निघताना मात्र मऊ आवाजात म्हणाले, तुमच्याच नियमात वाट आहे की. पंधरा दिवस फोन उचलला नाही, तर सोबत परत येते.

मी रात्रभर आणि दुसरा सगळा दिवस हेच घोकत राहिले. ताईला फोनवर समजावून सांगावं, तर तो फोनही नोंदला जाणार. घरी जावं, तर दोन फोन एका छपराखाली आले की यंत्र नातेवाइकाची भेट नोंदणार आणि पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजणार. फोन खोलीत ठेवून जावं, तर रजा नाही, आणि प्रशिक्षण सुटलं की आक्षेप गेला. बढतीही गेली असती, तीही भीती होती, कशाला नाकारू. शेवटी रंजूला सांगितलं, मंगळवारी जाशील तेव्हा निरोप दे. इंदू कामात आहे, पंधरा दिवस बोलणार नाही, काळजी करू नको.

पहिल्या दिवशी एक दहाला फोन वाजला तेव्हा मी तो उशीखाली दाबून धरला. वाजून वाजून बंद झाला. लगेच पुन्हा वाजला. दुसऱ्या दिवशी तीनदा. तिसऱ्या दिवशी पाचदा. तडवी माझ्यासमोर ताट घेऊन बसायचा आणि माझ्याकडे पाहायचा. त्याला मी सगळं सांगितलं होतं. तो एकदाच म्हणाला, मॅडम, हे बरोबर करताय का आपण? मी त्याच्यावर खेकसले.

तक्ता मात्र रोज बदलत होता. चौथ्या दिवशी मोटर दोन तासांऐवजी चाळीस मिनिटं चालली. सहाव्या दिवशी मोटर नाही. एकतीसचे अडतीस झाले, मग सत्तेचाळीस. आठव्या दिवशी मला कळलं आणि मी संडासात जाऊन रडले. पडछायेला जे आता दिसत होतं, ते मला आधी दिसायला हवं होतं. मला "जेवली का" विचारायचं म्हणून ती सकाळी उठत होती, मशीन चालवत होती. तो फोनच काढून घेतल्यावर तिच्याजवळ दुसरं काय राहिलं? आणि मी तिची सोबतीणही घालवली होती, फोनही काढून घेतला होता. उचलावा तर आठ दिवस फुकट जाणार, न उचलावा तर पंधराव्या दिवसापर्यंत ती राहील का हे माहीत नाही. बापरे, अशी भीती मला बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती. नवव्या, दहाव्या, अकराव्या दिवशी मी फोन हातात घेऊन बसले, आणि नाही उचलला.

बाराव्या दिवशी एक दहाला फोन वाजला नाही.

एक अकरा झाले. एक पंधरा. मी ताटावरून उठले. तक्त्यावर सकाळपासून एकच ओळ होती: वीजवापर नाही, फोन नाही. टक्केवारीच्या जागी नुसती रेघ. तडवीने माझा चेहरा पाहिला आणि गाडीची किल्ली काढली. रजा, आक्षेप, बढती, मला तेव्हा काही आठवलं नाही. तडवीने अडीच तासांत बेलटोला गाठलं.

दाराला कुलूप होतं.

मी कुलूप धरून तशीच उभी राहिले. शेजारची भागरताबाई हात पुसत बाहेर आली आणि मला बघून तिने चक्क तोंडावर हात ठेवला. "तू धडधाकट आहेस?" म्हणाली. मग तिने सांगितलं. रंजूचा निरोप आला, तेव्हापासून शेवंता झोपली नाही. इंदू कामात असली तरी फोन उचलते, म्हणाली. दुसऱ्याच्या तोंडून निरोप आला म्हणजे हे लोक काहीतरी लपवून राहिले. आमच्याकडे वाईट बातमी अशीच येते, हे मी विसरले होते. बाबा गेले तेव्हाही आम्हाला असंच सांगितलं होतं, की जरा बरं नाही, तुम्ही या. आठवडाभर तिने वाट पाहिली, आणि आज सकाळी डबा बांधून, दारापाशी दोनदा बसून, दम घेऊन, ती बसला गेली. नागपूरला. मला बघायला. फोन घरीच चार्जिंगला राहिला होता, तेवढ्यात लाइटही गेली होती.

दहा पावलं चाललं की धाप लागते तिला. दोन बस बदलून ती टेकडी चढणार होती.

परतीच्या वाटेवर प्रबोधिनीच्या पहारेकऱ्याचा फोन आला. एक बाई आल्या होत्या, तुमचं नाव घेत होत्या. तुम्ही सकाळी वर्गात होतात, ठीक आहात, एवढं सांगितलं तर हसल्या आणि पायरीवरच बसल्या. मग आडव्या झाल्या. ॲम्ब्युलन्सने नेलं आहे. डबा माझ्याकडे ठेवलाय.

ती जिवंत होती. हे आधी सांगते, कारण त्या रस्त्यावर मला ते कोणी सांगितलं नव्हतं. पहारेकऱ्याकडून डबा घेऊन दवाखान्यात पोचले, तर तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डॉक्टर म्हणाले, वाचतील की नाही ते तीन-चार दिवसांत कळेल. मला बघून तिने बोट हलवलं आणि माझ्या हातातल्या डब्याकडे दाखवलं. मी तिच्यासमोर बसून डब्यातली पोळी खाल्ली. मग तिने डोळे मिटले.

तीन दिवस मी तिथेच होते. तिसऱ्या दिवशी, म्हणजे प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी सकाळी, तडवी पाटी घेऊन आला. त्याने पाटी माझ्या हातात दिली.

घर सत्तावीस. बसच्या पासवरून, उशिरा आलेली नोंद: एकशे चाळीस किलोमीटर, एकटीने प्रवास. प्रकृतीत लक्षणीय सुधारणा. त्याखाली: रात्री घरी परत नाही, मुक्काम तालुक्याबाहेर. स्थलांतरित. गणनेतून वगळले. म्हणजे आता ती त्या खाटेवर मेली असती, तरी नियमाच्या नावावर घटना लागली नसती. आणि सगळ्यात खाली, नियमाचे गुण, एक्क्याण्णववरून चौऱ्याण्णव.

मी ते तीनदा वाचलं. यंत्र खोटं बोलत नव्हतं; तालुक्याबाहेरच्या दवाखान्याची नोंद त्याच्यापर्यंत येतच नव्हती. एकट्या दमेकरी बाईने दोन बस बदलून एवढा प्रवास केला, तर ती बरी असणार, असं मीही तक्ता बघून म्हणाले असते. आपली बहीण मेली असेल या भीतीने माणूस उठून चालायला लागतं, हे कुठल्या मीटरला कळणार?

सत्तावीसच्या जागी चिठ्ठीतून नवं घर आलं होतं. मी ते उघडलं. स्त्री, अठ्ठ्याहत्तर, एकटी, गुडघ्यांनी अधू. पहाटे पाचला रेडिओ. रोजची सोबत दोन दिवसांपासून बंद. दररोज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी एकाच क्रमांकावर फोन. वीस ते पंचवीस सेकंद. उचलला.

तडवी माझ्याकडे बघत होता. त्याने ते आधीच वाचलं होतं.

ताईपाशी नर्सला बसवून मी टेकडीवर पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. सर खोलीत एकटे होते. टेबलावर माझ्या नियमाची फाईल उघडी, पेनाचं टोपण काढून ठेवलेलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, ताईची विचारपूस केली, मनापासून केली. मग म्हणाले, तुम्ही सोडून गेलात, त्यामुळे आक्षेप आता घेता यायचा नाही, नियमच तसा आहे. मी म्हणाले, आक्षेप घ्यायला नाही आले, नवं घर दाखवायला आले.

सर कधी घरं बघत नाहीत. ते बेरजा बघतात, खालची ओळ बघतात. मी पाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. गुडघ्यांच्या ओळीपाशी त्यांचा चेहरा शांत होता. रेडिओपाशी ते थांबले. मग खालची ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला माझी बारा दिवसांची भीती दिसली. मला त्याचा आनंद झाला नाही. वाटलं होतं होईल, पण नाही झाला.

फोन वाजला.

टेबलावर तो थरथरत होता आणि सर त्याला हात लावत नव्हते. उचलला तर घर यादीत राहणार. नाही उचलला तर काय होतं, ते मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

"उचला, सर," मी म्हणाले. "आणि आज तुम्ही विचारा त्यांना."

त्यांनी उचलला. पलीकडून म्हातारा, स्वच्छ आवाज आला, मलाही ऐकू येत होता. जेवलास का रे, असं विचारत होता. सरांनी नेहमीसारखं हो म्हटलं नाही.

"आई, तू जेवलीस?"

पलीकडे कोणी बोललं नाही. इतका वेळ बोललं नाही, की सरांनी फोन कानापासून काढून तो चालू आहे ना, ते बघितलं. मग आवाज आला, हो, जेवले की, मला काय धाड भरली, तू कामात असशील, ठेवते.

ते खोटं होतं, हे मला टेबलाच्या अलीकडून कळलं. सरांनाही कळलं. ते म्हणाले, ठेवू नको, आई. पाचला दहा कमी असेपर्यंत ते बोलत होते. डबा कधीपासून येत नाही, दोन दिवस काय खाल्लं, पाणी कोण भरतं, एकेक विचारत होते. बोलता बोलताच त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझी फाईल बंद करून माझ्याकडे सरकवली.